जिभेवर केस उगवले, सिस्टर!

मागच्या अंकात तोंडाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पोस्टमन दोनदा आमच्या पाणंदीतला चिखल तुडवत आला. ऑपरेशन कसं करतात हे एकाही पत्रात विचारलेलं नाही. मांडीची नाहीतर हाताची कातडी आणून गाल केला, पायाचं हाड आणून जबडा केला, माणूस घरी आला; आता आम्ही काय करायचं, हाच सगळ्यांचा प्रश्न.

मी मुंबईत सव्वीस वर्षं नर्स म्हणून अशाच वॉर्डात काढली. आता कोकणात आचऱ्याजवळ राहते. इथे आल्यावर माझं मलाच बरंच काही बदलून घ्यावं लागलं. डिस्चार्ज कार्डावर ‘त्रास वाटल्यास ताबडतोब दाखवणे’ असं लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दादरहून परळला येणारा पेशंट असतो. आमचं ‘ताबडतोब’ म्हणजे आधी रिक्षा, मग एसटी, मग कणकवली स्टेशन आणि मग रात्रभर गाडी. म्हणून माझा हिशेब असा : मुंबईतला माणूस ज्या गोष्टीसाठी उद्या सकाळी जाईल, त्यासाठी आपण आज दुपारीच घर सोडायचं. खालची उत्तरं याच हिशेबाने लिहिली आहेत.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांचं (वय ६१) खालच्या जबड्याचं ऑपरेशन झालं. पायाचं हाड काढून जबडा बसवला. चौदाव्या दिवशी घरी सोडलं. नाकात नळी आहे. दर दोन तासांनी पेजेची निवळ, शहाळ्याचं पाणी, मोसंबीचा रस देतो, काही कमी करत नाही. तरी ५८ किलोचे ५३ झाले. परवा नाचणीची आंबील दिली तर नळीच तुंबली. कार्ड सगळं इंग्रजीत आहे. — एक सून, देवगड तालुका

उत्तर : वहिनी, तुम्ही रात्रीसुद्धा उठून दर दोन तासांनी देताय हे तुमच्या अक्षरावरूनच कळतंय. पण देताय काय, तर पाणी. निवळीत तांदळाचा वास असतो, अन्न नसतं. आपल्याकडे आजारी माणसाला पेज हा धर्म आहे. तापात दोन दिवस ठीक आहे. इथे एका माणसाच्या अंगावर तीन जखमा एकदम भरायच्या आहेत : तोंडातली, मानेवरची आणि पायातली. निवळीवर त्या भरणार कशा?

अशा ऑपरेशननंतर किती खावं याचे जगभरचे आकडे साधारण एकच आहेत. दर किलो वजनामागे दिवसाला ३० कॅलरी आणि निदान १.२ ग्रॅम प्रथिनं. सासऱ्यांचं आधीचं वजन धरा, म्हणजे सुमारे १७४० कॅलरी आणि ७० ग्रॅम प्रथिनं. घाबरू नका, हे सगळं तुमच्या स्वयंपाकघरात आहे. मी कागद घेऊन बसले आणि असं जमलं : दिवसभरात एक लिटर दूध, त्यात ५० ग्रॅम बिनसायीची दूध पावडर, दोन पूर्ण उकडलेली अंडी, ५० ग्रॅम कुळथाचं पीठ पातळ शिजवून, ५० ग्रॅम नाचणीचं सत्त्व, तीन मोठे चमचे खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल आणि ३०-४० ग्रॅम साखर. साधारण तेवढंच भरतं. हे आठ वेळांत वाटा. मधुमेह असेल तर साखर काढा आणि डॉक्टरांशी बोलून बेत करा. आणि एक महत्त्वाचं : इतके दिवस उपाशी राहिलेल्या पोटावर पहिल्याच दिवशी हे सगळं ओतू नका. चार दिवसांत चढवत न्या आणि आधी एकदा रक्त तपासून घ्या. उपासमारीनंतर एकदम अन्न गेलं तर रक्तातले क्षार बिघडतात. हे मी वॉर्डात पाहिलंय.

नळी तुंबली ती आंबिलीच्या कोंड्याने. नाकातली नळी बाहेरून मोजली तर जेमतेम पाच मिलिमीटर जाड असते, आतली वाट त्याहून अरुंद. म्हणून सगळं मिक्सरमधून काढायचं आणि मग सुती पंचातून गाळायचं. चहाची गाळणी पुरत नाही. अंड्याचा बलक तर दोनदा गाळा. दुधात लिंबू-मोसंबी मिसळू नका, नळीतच दही लागतं. गोळ्या अन्नात नाही, पाण्यात वेगळ्या विरघळवायच्या. कोणती गोळी कुटायची नसते ते औषधवाल्याला नाही, डॉक्टरला विचारा. प्रत्येक वेळेच्या आधी आणि नंतर ३० मिली कोमट पाणी. तुंबलीच तर कोमट पाण्याने सिरिंज हळूहळू पुढे-मागे करायची. तार घालायची नाही. कुणीतरी तुम्हाला सोड्याची बाटली सुचवेल, तीही नको.

देताना सासऱ्यांना आरामखुर्चीत बसवा, निदान पाठीला उशा लावून अर्धं उठवा, आणि नंतर तासभर आडवं करू नका. सिरिंजचा दट्ट्या काढून टाका, नळकांडं हातभर वर धरा आणि आपोआप उतरू द्या. दट्ट्याने ढकललेलं अन्न पोटातून उलटून फुप्फुसात जायला वेळ लागत नाही. नाकपुडीपाशी नळीवर पेनाने खूण करा. खूण बाहेर सरकलेली दिसली तर काही देऊ नका. नळी पूर्ण निघाली तर घरात कुणीही, कंपाउंडर पुतण्यासुद्धा, परत घालायची नाही. आत टाके आहेत, नळीचं टोक त्यांवरच जातं. त्याच दिवशी दवाखाना.

आणि आता एक वही करा. शाळेची दोनशे पानी चालेल. किती दिलं, किती वाजता, लघवी किती वेळा, ताप किती, दर सोमवारी वजन. सगळं दोन ओळींत. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर ‘बरे नाहीत’ असं लिहिलं तर उत्तर येत नाही. ‘तीन दिवस संध्याकाळी १०१ ताप, मानेचा डावा भाग लाल’ असं लिहिलं की फोनच येतो. एका मुलीने असा फोटोंसकट हिशेब ठेवला होता, तो बघून आमचे सर म्हणाले होते, हिला हाउसमन (वॉर्डातला शिकाऊ डॉक्टर) घ्या.

इंग्रजी कार्डाबद्दल माझा जुना राग आहे. आमच्याही रुग्णालयात मी तेच पाहिलं : सोडताना पाच मिनिटांत इंग्रजीत सांगायचं, पेशंटच्या हातात पिशवी, आणि पुढचा बेड. निघताना अडून बसा. ‘सिस्टर, हे मला मराठीत वहीत लिहून द्या, आणि माझ्या हाताने एक फीड तुमच्यासमोर देऊ द्या.’ सिस्टर कुरकुरतील. मीही कुरकुरायचे, पण द्यायचे.

तुमच्या पत्रात पायाचं काहीच नाही, म्हणून सांगते. नडगीच्या बाजूचं जे बारीक हाड काढलं त्यावर शरीराचा भार फारसा नसतो; गुडघ्याकडचा आणि घोट्याकडचा तुकडा ठेवलेला असतो. तेव्हा सासऱ्यांना पडून ठेवू नका. डॉक्टरांनी भार द्यायची परवानगी दिली असेल तर काठी घेऊन अंगणात फिरवा. मात्र अंगणातल्या शेवाळावर नाही, खळ्यात. बसताना पाय स्टुलावर.

प्रश्न : माझी अर्धी जीभ काढून मांडीच्या कातडीची केली. सहा महिने झाले. परवा आरशात पाहिलं तर जिभेवर केस! बायको म्हणते आणखी काय काय बघायचं आता. शिवाय त्या भागावर पांढरं पांढरं दिसतं. बुरशी आली काय? — वेंगुर्ले

उत्तर : काका, बायकोला सांगा, मांडी आपला स्वभाव सोडत नाही. कातडी जिथून आणली तिथले केस तिच्याबरोबरच येतात. मांडीची, छातीची कातडी आणली की पुरुषांत हे सर्रास होतं. शेक (म्हणजे रेडिएशन, किरणांचे उपचार) घेतला असता तर बहुतेक केस गळले असते. तुम्हाला शेक लागला नाही हे खरं तर भाग्यच. त्रास होत असेल तर पुढच्या खेपेला डॉक्टरांकडून कापून घ्या. तिथेच लेझरबद्दलही विचारा. घरी ब्लेड, चिमटा चालवू नका.

पांढरं दिसतं ते बहुधा बुरशी नाही. बाहेरची कातडी तोंडात कायम ओली राहिली की पांढुरकी पडते, दिवसभर धुणं धुतल्यावर बोटं पडतात तशी. बुरशी असेल तर ती आजूबाजूच्या मूळच्या जिभेवर, गालावरही दिसते आणि आग होते. मात्र कातडीच्या कडेला, जिथे ती खऱ्या जिभेला जोडली आहे तिथे, कडक गाठ, न भरणारं चट्टं किंवा सहज रक्त येणारी जागा दिसली तर फोटो काढून त्याच आठवड्यात पाठवा. परतणारा आजार बहुतेक पहिल्या दोन वर्षांत परततो. पहिलं वर्षभर एक ते तीन महिन्यांनी बोलावतात ते त्यासाठीच; ‘बरं आहे तर कशाला जायचं’ असं म्हणू नका.

तुम्ही न विचारलेली गोष्टही सांगते, कारण तुमच्यासारखे चार जण मी पाहिलेत. त्या नव्या जिभेला तापमान कळत नाही. चहा उकळता असो की गार, तिला सारखाच. एका तांडेलाने बशीतला चहा भुरकला आणि आतून फोड आला, त्याला दुसऱ्या दिवशी कळलं. चहा आधी ओठाला लावून बघायचा. आणि मासा? बांगडा, मोरी, सुरमई काहीही खा, पण काटा शोधायचं काम आता जिभेवर सोपवू नका. ते काम बोटांनी, उजेडात, ताटातच करायचं. फार काटेरी मासा मात्र वर्षभर बंद.

प्रश्न : यजमानांचं पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. गाल आणि जबडा. डॉक्टर म्हणाले पहिले तीन दिवस फार नाजूक. शेजारच्या बेडवाले सांगत होते की रात्रभर पेशंटला झोपूच देत नाहीत, सुईने टोचतात, मान हलवू देत नाहीत. एवढा छळ कशासाठी? — दापोली

उत्तर : ताई, तो छळ मीच करत असे, तेव्हा मला सविस्तर सांगू द्या.

हाताची किंवा पायाची कातडी, मांस, हाड जेव्हा सुटं करून तोंडात आणतात तेव्हा त्याची रक्तवाहिनी तोडलेली असते. ती मानेतल्या रक्तवाहिनीला सूक्ष्मदर्शकाखाली शिवतात. एक शुद्ध रक्त आत आणणारी, एकदोन अशुद्ध रक्त बाहेर नेणाऱ्या. जाडी दोन-तीन मिलिमीटर, टाक्याचा धागा केसाहून बारीक. आठ-दहा तासांचं ऑपरेशन या दोन जोडांवर उभं असतं. गुठळी होऊन जोड बंद पडायचा असेल तर तो बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन दिवसांत पडतो. लवकर कळलं तर परत थिएटरमध्ये नेऊन उघडता येतो. उशिरा कळलं तर सगळी कातडी मरते.

म्हणून आमच्या वॉर्डात पहिले चोवीस तास दर तासाला, नंतर दोन तासांनी, मग चार तासांनी टॉर्च घेऊन तोंडात बघायचं. रंग. बोटाने दाबलं की पांढरं होऊन दोन-तीन सेकंदांत परत रंग भरतो का. ऊब. फुगवटा. फिकट, थंड, सुकल्यासारखं दिसलं तर रक्त आत येत नाही. निळसर, टरारलेलं, दाबल्यावर झटकन रंग भरणारं असेल तर रक्त बाहेर जात नाही. आपल्या कोकणी सावळ्या कातडीवर रंग फसवतो, म्हणून सुई टोचायची : लालभडक थेंब हळूच आला की जीव भांड्यात. काळपट रक्त भसाभस आलं की मी फोनकडे धावायची. कातडीला संवेदना नसते, तेव्हा ती टोचणी यजमानांना दुखणार नाही. त्यांना दुखते ती झोपमोड.

एक रात्र सांगते. अडीच वाजता फिकट गुलाबी असलेला गाल साडेतीनला वांग्यासारखा. रेसिडेंट नवीन होता, म्हणाला सकाळी सर येतील. मी म्हटलं, सकाळी सर येतील तोवर गाल जाईल. सरांना मीच उठवलं. साडेचारला पेशंट आत, सहाला शिरेतली गुठळी काढली, गाल वाचला. दुसरीही एक रात्र आहे. तेव्हा मीच ‘अर्धा तास बघू’ म्हटलं होतं. तो अर्धा तास मला अजून आठवतो. तेव्हा रात्री तीनला कुणी टॉर्च मारला तर यजमानांना म्हणा, मारू दे.

मान हलवू देत नाहीत, कारण तो जोड मानेतच आहे. मानेभोवती काहीही आवळायचं नाही : ना गळ्यातल्या नळीची फीत, ना ऑक्सिजनचा पट्टा, ना देवाचा दोरा. ताई, हे मुद्दाम लिहिते. नातेवाईक आयसीयूत येऊन गळ्यात गंडा बांधून जातात. दंडाला बांधा, पण ज्या हाताची कातडी घेतली तो सोडून.

गळ्यात श्वासाची नळी बसवतील, बहुतेक तात्पुरती. सूज उतरल्यावर आठवड्या-दीड आठवड्यात निघते. भोक आपोआप मिटतं. तोवर बोलताना, खोकताना भोकावरच्या पट्टीवर बोट दाबून धरायचं. काही जणांना नळीसकट घरी पाठवतात. तसं झालं तर निघण्याआधी तीन गोष्टी बघा. पहिली वीज. मिरगानंतर आपल्याकडे वीज चार-चार तास नसते, तेव्हा कफ ओढायचं मशीन विजेवरचंच आणलं तर पंचाईत. पायाने चालणारा पंप किंवा बॅटरीचं मशीन घ्या. दुसरी, आतली नळी काढून धुणं तुमच्या हाताने करून दाखवा, आणि त्याच मापाची एक जादा नळी घरी ठेवा. तिसरी, चूल. धूर, फोडणीचा ठसका, सुक्या मासळीची धूळ यांपासून लांबची खोली, आणि नळीच्या तोंडावर स्वच्छ ओलसर मलमल. नुसती हवा कोरडी म्हणून नाही. माशा, चिलटं आपल्याकडे घरचीच असतात.

यजमानांना विडी-तंबाखू असेल तर आजच बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. त्या दोन मिलिमीटरच्या जोडाला ते परवडत नाही. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी त्यांना खुर्चीत बसवतील, चालवतील. तेव्हा ‘इतक्यात नको’ म्हणून आडव्या पडू नका. लवकर उठलेल्याला न्यूमोनिया कमी होतो.

जाता जाता. दुसरीकडची कातडी आणून नाक करणं आपल्याकडे जुनंच आहे. पुण्याकडच्या वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एकाने कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाच्या कातडीने उभं केलं. त्याची हकिगत १७९४ साली लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. मला त्यातलं ऑपरेशन नाही, पुढचं आवडतं : पाच-सहा दिवस पाठीवरच निजवायचं, दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे, आणि कपाळाशी जोडलेली कातडीची पट्टी कापायची ती पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास. तोवर रक्त त्या पट्टीतून येत होतं. बिचाऱ्याची सेवा कुणी केली ते मात्र कुणी लिहिलं नाही.

प्रश्न : भावाचं गालाचं ऑपरेशन श्रावणाच्या सुरुवातीला झालं. डॉक्टर म्हणतात शेक लागणार. आमचं म्हणणं, चतुर्थी होऊ दे, गणपती घरी आहेत, चाकरमानी येणार, तोवर जखमाही भरतील. गौरी-गणपती झाले की नेतो. चालेल ना? — राजापूर

उत्तर : नाही चालणार.

ऑपरेशनच्या तारखेपासून सहा आठवड्यांच्या आत शेक सुरू व्हायला हवा. बेचाळीस दिवस. आता कॅलेंडर भिंतीवरून काढा आणि मोजा. त्या बेचाळीस दिवसांत दातांच्या डॉक्टरांकडे जायचं आहे. किडके, हलणारे दात शेकाआधीच काढावे लागतात, आणि ती जागा भरायला दहा-चौदा दिवस लागतात. शेकानंतर दात काढला तर जबड्याचं हाड सडू शकतं. मग शेक देताना चेहरा स्थिर ठेवणाऱ्या मुखवट्याचं माप, स्कॅन, आखणी, त्यात आणखी आठवडा. म्हणजे चतुर्थीनंतर ‘नेतो’ म्हणाल तोवर मुदत टळलेली असेल. पाठीमागे उरलेल्या पेशी सणासाठी थांबत नाहीत. गणपती दीड दिवसाचा ठेवा, नाहीतर काकांच्या घरी पूजा करा. देव समजून घेतो.

शेक साधारण तीस ते तेहतीस दिवसांचा, आठवड्याला पाच. म्हणजे सहा-साडेसहा आठवडे कोल्हापूर, गोवा किंवा मुंबईत राहायची सोय लागेल. ती आजच करा. कॅन्सर रुग्णाला रेल्वेत उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री एसीत भाडं माफ आहे, बरोबरच्या एका माणसाला पाऊणपट सूट. रुग्णालयाकडून ठरलेल्या नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो, तो डिस्चार्जच्या दिवशीच मागा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं पॅकेज ऑपरेशनला वेगळं आणि शेकाला वेगळं असतं, तेव्हा आरोग्यमित्राकडे (रुग्णालयातला योजनेचा माणूस) पुन्हा जावं लागेल.

शेक चालू असताना तोंड उघडण्याचा व्यायाम एकही दिवस चुकवू नका. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या घ्या, दातांत जेवढ्या बसतील तेवढ्या एकावर एक ठेवा, तसंच अर्धा मिनिट धरा, दिवसातून पाच वेळा, आणि आठवड्याला एक काडी वाढवायची. आपली स्वतःची तीन बोटं उभी आत जायला हवीत. ३५ मिलिमीटरच्या खाली गेलं की जेवण, दात घासणं, पुढची तपासणी, सगळंच अडतं. ज्यांनी आयुष्यभर सुपारी-गुटखा खाल्लाय त्यांचं तोंड आधीच आवळलेलं असतं. (गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे. कुठल्या टपरीवर मिळतो ते मला विचारू नका.) जिथे कातडी जोडली आहे तिथे काड्या कधी सुरू करायच्या ते मात्र सर्जनना विचारून.

शेक संपल्यावर वर्षातून एकदोनदा थायरॉइडचं रक्त तपासायचं. मानेवर शेक पडला की ही ग्रंथी हळूहळू मंदावते. माणूस सुस्तावतो, फुगतो आणि घरचे म्हणतात ‘आजाराने खचला’. एक गोळी असते.

प्रश्न : आईला मशेरीची सवय. गालाचं ऑपरेशन झालं, बरी आहे. आता म्हणते, मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, दुसऱ्या बाजूला लावते. — नाव नको, गुहागर

उत्तर : मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. बाजू बदलून तो बदलत नाही. पोट साफ होत नाही हे खरं आहे, निकोटिनची सवय आतड्यांनाही लागते. पहिले दोन-तीन आठवडे रात्री इसबगोल द्या, नळी असेल तर डॉक्टरांना विचारून पातळ औषध. आईवर ओरडू नका. तिच्या आईने तिला सात-आठ वर्षांची असताना बोटाला लावून दिली असेल. सरकारची तंबाखू सोडवणारी फोनसेवा आहे, १८००-११-२३५६, पैसे पडत नाहीत. तिला स्वतः बोलू द्या, तुम्ही फोन हातात देऊन बाहेर जा. आणि डबी घरातून गेली पाहिजे, तुमच्या जावेचीसुद्धा.

प्रश्न : मी मासे विकते. मानेतल्या गाठी काढल्या, गालाला छातीची कातडी लावली. चार महिने झाले. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. पाटी डोक्यावर घेता येत नाही. सकाळी हनुवटीखाली पिशवीसारखी सूज येते, दुपारी उतरते. घरची म्हणतात, आजार परत आला. — हर्णै

उत्तर : आधी सुजेचं, कारण त्या भीतीने तुम्ही झोपत नसाल. सकाळी जास्त, दिवसभर बसून-चालून कमी, मऊ, दाबल्यावर खळगा पडणारी, अशी सूज बहुधा लसीकेची (लिम्फ, अंगातलं पाणी). मानेतल्या गाठी काढल्या म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या वाटाच काढल्या. रात्रभर आडवं राहिल्यावर पाणी हनुवटीखाली साठतं. दोन उशा घेऊन निजा. फिजिओथेरपीवाल्या ताई हलक्या हाताने मालीश शिकवतील. तेल लावून घरच्या घरी रगडायचं नाही. सूज कडक असेल, एकाच जागी असेल, दुपारीही तशीच राहत असेल तर मात्र हे सगळं सोडा आणि दाखवायला जा.

खांदा वर न्यायचं काम करणारी एक नस त्या गाठींच्या मधूनच जाते. ती वाचवली तरी ताणली जाते आणि बरी व्हायला महिने, कधी वर्ष लागतं. तोवर खांदा वापरला नाही तर तो आखडून बसतो, मग नस बरी होऊनही उपयोग नाही. रोज तीन वेळा : भिंतीशी तोंड करून बोटांनी भिंतीवर चढत जायचं, कालच्या खुणेच्या थोडं वर. खडूने खूण करा. दोन्ही खांदे कानाकडे उचलून मागे फिरवायचे. छातीची कातडी मानेतून वर नेलेली असल्यामुळे छातीत ओढ बसते, तेव्हा दारात उभं राहून चौकटीला हात टेकून पुढे झुकायचंही करा. दुखणं वाढेपर्यंत नाही, ओढ बसेपर्यंत.

एक लक्षण मात्र वेगळं काढून सांगते, तुमच्यासाठी आणि या पानावरच्या सगळ्यांसाठी. तोंडातून किंवा मानेच्या जखमेतून ताजं लाल रक्त आलं, अगदी चमचाभर येऊन थांबलं तरी, आणि विशेषतः जखम उघडलेली असेल किंवा शेक झालेला असेल तर, मुंबईची गाडी बघायची नाही. स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरायचं, १०८ ला फोन आणि जवळात जवळचं मोठं रुग्णालय. थांबलेलं रक्त ही बऱ्याचदा पुढच्या मोठ्या रक्ताची आगाऊ चिठ्ठी असते. पाणी प्यायल्यावर मानेतून ओलं येणं, पट्टीला लाळेचा वास, ताप, यासाठी १०८ नको, पण त्याच दिवशी निघायचं.

आता पाटीचं. सहा महिने डोक्यावर पाटी नाही, उजव्या हाताने बर्फाचा खोका ओढणं नाही. बंदरावरून उचल सुनेला करू द्या. तुम्ही बसून विका, पण पाटाची उंची वाढवा, म्हणजे सुरी चालवताना हात खांद्याखाली राहील. खडूची खूण कुठपर्यंत गेली ते दिवाळीला मला पोस्टकार्डावर कळवा.